बिया न काढलेलं लोणचं

प्रिय धाकट्या,

बाबा जेवायला लागले. हे आधी लिहिते, नाहीतर पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायचा. फोनवर मला धड सांगता येत नाही, म्हणून पत्र.

आई गेल्यावर तू त्यांना माझ्याकडे आणून पोचवलंस तेव्हा निदान अर्धी पोळी खायचे. नंतर नंतर ताट पुढे ठेवलं की नुसतं बघत बसायचे, परक्या घरी संकोचून बसल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल, त्यापेक्षा मागतील ते द्या. त्यांनी मागितलं काय, तर लिंबाचं लोणचं. आईचा विषय काढला नाही. इथे आल्यापासून एकदाही काढला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला तेच बरं वाटत होतं.

आधी विकतचं आणलं. जीभ लावून म्हणाले, "हे औषध कुणाचं आहे?" मग मी घालायला घेतलं. आईचं लोणचं आपण जन्मभर खाल्लं, पण ती घालताना शेजारी उभं राहून पाहिलं कुणी? इथली लिंबं संत्र्याएवढी, जाड सालीची, वरून मेण लावून चकचकीत केलेली. गरम पाण्यात घासून घेतली, तरी त्या बरणीतल्या फोडी शेवटपर्यंत चपलेच्या पट्ट्यासारख्याच राहिल्या. पुढच्या खेपेला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका भाजीवाल्याकडे पातळ सालीची मिळाली. घरात ऊन नाही, आमची खिडकी समोरच्या भिंतीकडेच उघडते. म्हणून बरणी माझ्या कामावर, चष्म्याच्या दुकानात नेली. आम्ही काचा कापतो त्या मागच्या खोलीत दुपारी चांगलं ऊन येतं. मालकांनी बरणी निरखून विचारलं, "हे कुणाच्या पोटातून काढलंय?" मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं असेल. पुढे तेच उन्हाबरोबर बरणी सरकवायला लागले.

ते लोणचं छान मुरलं. रंग, खार, सगळं जमलं. बाबांनी एक फोड खाल्ली, "चांगलं आहे, पण आपल्या घरचं नाही," म्हणाले आणि ताट सरकवलं. मेथी कमी पडली की गूळ जास्त झाला? तुझ्या बायकोला फोन करून तिचं डोकं खाल्लं. ती बिचारी म्हणाली, "ताई, आई हाताला येईल तेवढं टाकायच्या, मी काय माप सांगू?"

तिसऱ्या वेळी मी थकले होते. दिवसभर उभी राहून घरी आले, तर सकाळचं ताट तसंच झाकलेलं. लिंबं चिरली आणि बिया काढायचा कंटाळा केला. कडू झालं तर होऊ दे, नाहीतरी खाणार कोण आहे? मुरल्यावर चाखलं, तर कडवटच होतं. तरी भाताशेजारी वाढलं.

बाबांनी फोड तोंडात घातली, चावली आणि थांबले. दोन बोटांनी बी काढून ताटाच्या कडेला ठेवली. मग दुसरी, मग तिसरी, ओळीने. तेव्हा मला आठवलं. शेवटची काही वर्षं आईला बिया दिसतच नव्हत्या रे. मोतीबिंदू पिकलेला, आणि ऑपरेशन म्हटलं की ती विषय बदलायची. बाबा तिला चिडवायला ताटात बियांची रांग लावायचे, आणि ती म्हणायची, "पेरा की परसात, नुसत्या काय मांडून ठेवता?"

बाबांनी सगळा भात संपवला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, डोळे तपासून घे आता!" आणि उत्तराची वाट पाहत बसले. उत्तर येईना तेव्हा उठले. स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघर पाहिलं, माझ्या कपाटाचं दार उघडून पाहिलं. "आत्ता तर लोणचं वाढून गेली," म्हणाले. मी त्यांना खरं सांगितलं. तू अग्नी दिलास तेव्हा ते शेजारीच उभे होते, हेही सांगितलं. ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत होते. मग भिंतीकडे तोंड करून निजले. दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. त्यानंतर उठले ते सगळं पुसून गेल्यासारखे, आणि पुन्हा लोणचं मागितलं.

दिलं तर जेवतात आणि तिला शोधत फिरतात. नाही दिलं तर जेवत नाहीत. पुन्हा खरं सांगायची माझ्यात ताकद नव्हती. म्हटलं, आई धाकट्याकडे गेली आहे. "येणार कधी?" माझ्या तोंडून निघून गेलं, "ही बरणी संपली की येईल." त्यांनी जेवावं, एवढंच मनात होतं.

बाकी सगळं विसरतात, मलाही कधी कधी मावशी म्हणतात, पण हे विसरत नाहीत. तिन्ही वेळा जेवतात. वजन वाढलं म्हणून डॉक्टर खूश आहेत. जेवण झालं की बरणी उजेडात धरून किती उरलं ते बघतात. परवा न्हाव्याकडे घेऊन चल म्हणाले. दाढी करून आले, इस्त्रीचा सदरा काढून खुर्चीवर ठेवायला लावला.

पत्र लिहायचं कारण हे. आता तू फोन केलास की ते तुला आईला बोलवायला सांगतील. बाजारात गेली आहे म्हण, झोपली आहे म्हण, पण आपलं दोघांचं एकच असू दे, आणि त्यांच्यासमोर आवाज बदलू देऊ नकोस. नवीन घालून बरणी भरत राहावी असंही वाटलं. पण मग ती कधी संपणारच नाही, आणि ते ती उजेडात धरून बघत राहतील. संपू दिली तर तो सदरा घालून दाराशी जाऊन बसतील. बरणीत चार बोटं लोणचं उरलं आहे. तेवढ्यात तुला काही सुचलं तर कळव. मला सुचत नाही.

तुझीच,
थोरली