पडद्यावरचा चौथा

४ जून २००६
पोचले एकदाची! डोंगरमाथ्यावर पाइनची झाडं, पांढरे घुमट, मोठ्या खिडकीची खोली. उन्हाळाभर फेलोशिपवर इथल्या दुर्बिणीसाठी इन्फ्रारेड कॅमेरा जुळवायचाय. तो उजेड नाही, उष्णता टिपतो: गरम ते पांढरं, गार ते काळं. जोडीला वीर, एडिसन गावचा, अमेरिकेतच वाढलेला. मला 'आश्लेषाताई' म्हणतो आणि स्क्रू कुठल्या बाजूला पिळायचा ते दर वेळी विचारतो. अशांनाही फेलोशिप देतात! आमचे मेंटॉर गुरुनाथकाका त्याला वर शाबासकी देतात. माणूस चांगला, पारख शून्य.

९ जून
कॅमेरा चालला. लॅबमध्ये आम्ही तिघं. पडद्यावर चार पांढऱ्या आकृत्या. चौथी वीरच्या मागे. मी स्पष्ट सांगितलं, लेन्समधलं परावर्तन आहे, यानंच काचेला बोटं लावली असणार. "आय डिडन्ट टच इट, ताई," म्हणाला, डोळ्यांत पाणी. रडका कुठला.

१२ जून
लेन्स बदलली. चौथा आहेच. शिवाय पडद्यावर रिकाम्या टेबलावर पंजाचा ठसा दिसला, नुकताच कुणी हात उचलल्यासारखा ऊबदार. तिथे कुणी गेलंच नव्हतं. काका म्हणाले, काही दिवस कॅमेरा बंद ठेवू. पीएचडी झालेला माणूस, घाबरला! मी तोंडावर हसले.

१५ जून
वीर घरी गेला. डायरेक्टरांकडे तक्रार मीच केली होती: हात अडाणी, वर भुताच्या गोष्टी. गाडीत बसताना म्हणाला, "तो माझ्यामागे होता, ताई. बट ही वॉज लुकिंग ॲट यू." नाटकी पोरगं.

१७ जून
काका दोन-तीन दिवसांसाठी खाली गावात गेलेत. लॅबमध्ये मी एकटी. पडद्यावर दोघं.
लेन्स मीच पुसलेली. मीच बसवलेली —

१८ जून
कॅमेऱ्याची वायर उपटली. पडदा काळा. बरं वाटलं.
मग मानेवर ऊब. कुणी अगदी जवळून श्वास सोडावा तशी. हीटर बंद आहे. दोनदा पाहिलं.

१९ जून
काकांना फोन केला. सगळं सोडून खाली ये म्हणाले, आत्ताच्या आत्ता. म्हणजे वीरसारखी पळू? मी?
शेजारची खुर्ची गरम आहे. हात लावून पाहिला. लावायला नको होता —

संध्याकाळ
काका निघालेत. वर यायला वेळ लागेल.
मी खोलीत. लिहीत राहिले की —
पान गरम लागतंय. माझा हात आहे तिथे नाही. खाली. जिथे मी अजून काही लिहिलेलं न