हरवलेल्या वडिलांसाठी सूचना

१२ मे, दुपार
हॉटेलात पोचलो. खोली सहाव्या मजल्यावर. लिफ्टमधून बाहेर पडून उजवीकडे वळलो आणि अख्खा मजला फिरून पुन्हा लिफ्टपाशी आलो. खोली डावीकडची पहिलीच. बायको-मुलं आत जाऊन पलंगावर पसरलीसुद्धा. बायकोला म्हटलं, मजल्याची पाहणी केली, आग लागली तर जिना कुठे आहे ते माहीत हवं. कुठे आहे, असं तिने विचारलं. विषय बदलला.

संकल्प : सुट्टीत फोनवरचा नकाशा उघडायचा नाही. शाळेत भूगोल शिकवतो, रिक्षा नाही चालवत. सूर्य आहे, सावली आहे, डोकं आहे.

दुसरा संकल्प (खासगी) : थोरलीशी मैत्री. बारावं लागल्यापासून पोरगी माझ्याशी 'हं' आणि 'माहितेय' या दोनच शब्दांत बोलते. आईशी मात्र तासन्‌तास गुलूगुलू. एका खोलीत चार दिवस राहिली की आपला बाप काय चीज आहे ते कळेलच तिला.

१२ मे, संध्याकाळ
धाकट्याने लिफ्टची सगळी बटणं दाबली. सहा वर्षांचा आहे, चालायचंच. प्रत्येक मजल्यावर दार उघडतंय, आम्ही आतून बघतोय, बाहेरचे बाहेरून बघतायत. लिफ्टमध्ये एक सूटवाले गृहस्थ होते. त्यांना म्हटलं, मुलांचं कुतूहल मारू नये. ते पुढच्याच मजल्यावर उतरून जिन्याने गेले. थोरली भिंतीकडे तोंड करून उभी.

जिना कुठे आहे ते मात्र कळलं.

१३ मे, सकाळ
नाश्त्याला फक्त फळं खायची ठरवलं होतं. पण फळांपर्यंत पोचायला ऑम्लेटवाल्यासमोरून जावं लागतं. त्याला मी काय करणार?

टोस्टर विचित्र. सरकत्या जाळीवर ब्रेड ठेवला. आत गेला तो गेलाच. दुसरा ठेवला. तोही गेला. चौथ्यानंतर मशिनला जरा थोपटलं. वेटर धावत आला, वाकून मशिनच्या पोटाखालून चारही स्लाइस काढून दिले आणि म्हणाला, सर, ते खाली पडतात. मी म्हटलं, माहितेय.

थोरली दोन टेबलं सोडून बसली होती. एकटी प्रवासाला आल्यासारखी.

१३ मे, संध्याकाळ
म्युझियमला निघालो होतो. बायको म्हणाली, फोनवर बघूया का? मी नुसता हसलो. सावली डावीकडे पडत होती, त्यावरून दिशा पक्की केली आणि निघालो.

पोचलो ते नळ आणि कमोडच्या बाजारात. दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं. मुलांना म्हटलं, शहर कसं चालतं ते अशा ठिकाणी कळतं, म्युझियममध्ये काय आहे? धाकट्याने ते फारच मनावर घेतलं. फुटपाथवर मांडलेल्या एका कमोडवर तो बसला, आणि नुसता बसला नाही. दुकानदार जे बोलला ते इथे लिहीत नाही. शेवटी तो कमोड पुसून द्यावा लागला. माझ्या रुमालाने.

बायकोने फोन काढला. म्युझियम हॉटेलच्या मागच्याच गल्लीत. आम्ही पोचलो तेव्हा गेट बंद होत होतं. पहारेकऱ्याला म्हटलं, बाहेरून इमारत बघायचीच होती.

तिघंही परतीच्या वाटेवर माझ्या पुढे चालत होती. सावलीचा दोष नाही. गल्ल्या वाकड्या आहेत.

१४ मे, सकाळ
आज एकटा मुलांना नेतो असं जाहीर केलं. बायकोने लगेच चादर डोक्यावर घेतली. आतून म्हणाली, फोन ने. मुद्दाम ठेवून जातोय. आज थोरलीला कळू दे.

१४ मे, दुपार
आज जे झालं ते लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

म्युझियम लगेच सापडलं (धाकट्याला वाट पाठ होती). मोठ्या दालनात देवमाशाचा सांगाडा. मी समुद्राचे प्रवाह समजावून द्यायला लागलो. रंगलो. अनोळखी चार-पाच माणसंही थांबली. उष्ण प्रवाहापासून शीत प्रवाहापर्यंत आलो आणि वळून बघतो तर मुलं नाहीत.

आधी रागावलो. मग शेजारच्या दालनात बघितलं. मग त्याच्या शेजारच्या. मग पळायला लागलो. काचेची कपाटं, भांडी, भाले, पुन्हा भांडी. एक दार ढकललं तर मागच्या बागेत निघालो. दार माझ्यामागे बंद. बाहेरून मूठच नाही.

बागेत एक पहारेकरीण होती. तिला म्हटलं, माझी दोन मुलं हरवलीत. ती शांतपणे म्हणाली, कपडे कुठल्या रंगाचे?

आठवेना.

सकाळपासून दोघं माझ्यासमोर होती. नाश्ता केला, लिफ्टमध्ये उभी राहिली, रस्त्याने चालली. मला काहीच आठवेना. तिने विचारलं, मुलीचे केस मोकळे आहेत की वेणी आहे? मी म्हटलं, बारा वर्षांची आहे हो. ती म्हणाली, बसा तुम्ही जरा. मी बसलो नाही.

तेवढ्यात भिंतीवरचा भोंगा खरखरला. सूचना अशी : एक वडील हरवले आहेत. उंची मध्यम, समोरून टक्कल, सांगताना मात्र 'थोडं कमी झालंय' असं सांगतात. चौकटीचा शर्ट, वरून दुसरं बटण पांढऱ्याऐवजी निळ्या दोऱ्याने शिवलेलं. डाव्या बुटाची नाडी सुटलेली. कोणाला तरी काहीतरी समजावून सांगत असतील. मुलं तिकीट खिडकीपाशी थांबली आहेत, वडिलांनी घाबरू नये.

पहारेकरणीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग बुटाकडे बोट दाखवलं. सुटलेलीच होती.

खिडकीपाशी थोरली धाकट्याचं मनगट घट्ट धरून उभी. धाकटा म्हणाला, बाबा, तुम्ही कुठे गेला होतात? ताई रडत होती. थोरली म्हणाली, गप रे. मग मला म्हणाली, किती वेळ लावलात. डोळे लाल होते. मी म्हटलं, बाग बघून आलो. ती म्हणाली, हं.

पण आजचा 'हं' वेगळा होता. किंवा मला तसं वाटलं.

१४ मे, संध्याकाळ
धाकट्याने सगळं आईला सांगितलं, भोंग्याच्या आवाजासकट. बायको इतकी हसली की ठसका लागला. मग एकदम गंभीर झाली आणि थोरलीला घेऊन गॅलरीत गेली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. माझ्याविषयी नसावं.

१५ मे, दुपार
शेवटचा दिवस. चौघंही फिरायला निघालो. मोठ्या चौकात सिग्नलला थांबलो, तर थोरलीने आपणहून माझा हात धरला. दोन वर्षांनी. मी सरळ समोर सिग्नलकडे बघत राहिलो. बोललो तर सोडेल. समोर हिरवा माणूस लागला, आम्ही निघालो. मनात म्हटलं, सुट्टी सार्थकी लागली, संकल्प दोन पूर्ण. पलीकडे पोचल्यावर न राहवून म्हटलंच, बाबाचा हात धरावासा वाटला ना? ती म्हणाली, आईने सांगितलंय. बाहेर असेपर्यंत धाकटा माझ्याकडे आणि बाबा तुझ्याकडे, असं.

आणि हात सोडला, रस्ता संपला म्हणून.

पुढच्या चौकात सगळे उजवीकडे वळले, मी डावीकडे वळलो. ती धावत आली आणि पुन्हा हात धरून घेऊन गेली. मी मुद्दाम वळलो होतो. तशी इथे नोंद करून ठेवतो.