तुझं दुसरं नाक

प्रिय विमल,

आजवर तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राच्या माथ्यावर मी 'चि.' लिहीत आलो. आज तेच लिहायला गेलो आणि पेन अडलं. तुला जाऊन अकरा महिने झाले. आता 'चि.' कसं लिहू?

खरं सांगायचं तर हा कागद तुझ्यासाठी घेतलाच नव्हता. परभणीच्या फोटोग्राफरला चार ओळी लिहायच्या होत्या. वर्षश्राद्धाला भिंतीवर तसबीर हवी, म्हणून तू हैदराबादहून पहिल्यांदा आल्यावर काढून घेतलेला तो फोटो मी त्याच्याकडं मोठा करायला दिला. देताना हळूच म्हणालो, नाक तेवढं पहिल्यासारखं करता येईल का? तो हसला. म्हणाला, गुरुजी, निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून मी मिटलेले डोळे उघडून देतो, नाकाचं काय घेऊन बसलात! फक्त पहिलं नाक कसं होतं ते नीट लिहून पाठवा, मी काही ते पाहिलेलं नाही.

दोन दिवस झाले, बसलोय. एक ओळ उतरत नाही. हाच प्रश्न मला एकदा आधीही कुणी विचारला होता, विमल. त्या वेळी मात्र मी भराभर लिहिलं होतं.

तुझी आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. येणारा-जाणारा म्हणायचा, पोरीचं नाक अगदी आईवर गेलंय. मी ते वाक्य असं धरून ठेवलं, जसं काही कुणी मला ठेव दिली! संध्याकाळी कंदिलाची काच पुसता पुसता तू माझ्याकडून कविता म्हणून घ्यायचीस. तू पाटीवर बोटांनी ठेका धरायचीस, मी चालीवर म्हणायचो. तुला वाटायचं, अण्णा कवितेत रंगलेत. मी तुझा एका बाजूनं उजळलेला चेहरा बघत असायचो, आणि त्यात तू नसायचीस.

मग तूही मास्तरीण झालीस, इथंच ताडकळसच्या कन्याशाळेत. एका दुपारी घरी आलीस ती तोंडाला पदर लावून. पोरींनी फळ्यावर पोपट काढला होता आणि खाली तुझं नाव लिहिलं होतं. मी काय केलं आठवतं? मी खुर्ची पुढं ओढली आणि तुला शुकनासिका हा शब्द समजावून सांगायला लागलो! जुन्या काव्यात पोपटाच्या चोचीसारखं नाक ही सौंदर्याची खूण कशी मानली आहे, नायिकेला ती उपमा कशी शोभते, वगैरे. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "अण्णा, त्या पोरींना संस्कृत येत न्हाई."

पाहुणे येऊन बघून जायचे आणि पुन्हा निरोप यायचा नाही, त्याचं तू कधी फारसं मनावर घेतलं नाहीस. पण फळ्यावरचा तो पोपट तुला सोसला नाही. दुष्काळाची सालं सरली, ज्वारी पुन्हा घरात दिसू लागली, त्या हिवाळ्यात तू तुझ्या पगारातून साठवलेलं घेऊन हैदराबादला निघालीस. पूर्णेच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिथल्या मोठ्या डॉक्टरांचं नाव दिलं होतं. चुडाव्याला तुझी गोदामावशी गाडीत चढणार होती, सोबतीला. मी पूर्णेपर्यंत आलो. गाडी हलेपर्यंत मी हवापाण्याचं बोलत राहिलो. नको जाऊस, असंही म्हणालो नाही, आणि जा, असंही नाही.

तीन आठवड्यांनी परत आलीस. डोळ्यांखाली काळंनिळं, नाकावर चिकटपट्टीच्या खुणा. उन्हाळ्यापर्यंत सूज उतरली. नाक सरळ झालं होतं, बारीक, कसलाही उंचवटा नसलेलं. गाव म्हणायचं, बाई लय छान दिसायल्यात. मी गावाचं ऐकून मान हलवायचो.

कारण मी बघतच नव्हतो. जेवताना मी रांजणाशी बोलायचो, सकाळी वर्तमानपत्राशी, संध्याकाळी दारातल्या लिंबाशी. तू माझ्यासमोर येऊन बसलीस की मला चष्मा पुसायची आठवण व्हायची. पोरी, तू त्या काळात किती गात होतीस! शाळेतून येताना, भाकरी थापताना, नुसती गुणगुण. ते मला ऐकू यायचं. ऐकायला मान वर करावी लागत नाही ना!

एकदा तू भाकरी वाढायची थांबलीस. "अण्णा, तुमी माझ्याकडं बघून का बोलत न्हाई?"

मी म्हणालो, नजर कमी झालीय. तू खरं मानलंस. पुढच्याच रविवारी मला एसटीनं परभणीला नेलंस, डोळे तपासून घेतलेस, नवा चष्मा करून दिलास. त्याच दिवशी, मी दुकानात काचा बसवून घेत होतो तेवढ्यात, तू समोरच्या स्टुडिओत जाऊन तो फोटो काढून घेतलास. परतीच्या एसटीत मी नव्या चष्म्यातून खिडकीबाहेरचं रान बघत आलो. म्हणालो, किती स्पष्ट दिसतंय गं! तू माझ्या जुन्या चष्म्याची डबी उघडझाक करत राहिलीस. तेव्हा तुला कळलं असेल का?

कळलं नसेल तर संक्रांतीला कळलं. गोदामावशी तिळगूळ द्यायला आली होती. तू ओसरीवर होतीस, मला वाटलं मागं विहिरीकडं गेलीस. मी तिच्यापाशी बोलता बोलता म्हणून गेलो की, घरात एवढी एकच खूण होती, तीही गेली. तुझी मावशी काही भिडस्त नव्हे.

"दाजी," ती म्हणाली, "तुमाला पोरगी कदी दिसलीच न्हाई. तुमाला ताईचं नाक दिसायलं होतं इतकी वर्सं."

मी वळलो तर दारात तू. हातात हळदीकुंकवाचं तबक. तू मावशीला कुंकू लावलंस, वाटीतला तिळगूळ माझ्या हातावर ठेवलास आणि आत गेलीस. त्यानंतर घरात गाणं ऐकू आलं नाही. आठवड्याभरात हैदराबादच्या डॉक्टरांना तुझं पत्र गेलं. शाळेत रजेच्या अर्जात तू श्वासाचा त्रास असं कारण लिहिलंस. मलाही तेच सांगितलंस. मी ते मानलं. माणूस सोयीचं तेवढं किती पटकन मानतो!

या वेळी मी बरोबर आलो. डॉक्टर मोठा सज्जन माणूस. मी निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेला, तेव्हा आमचं बोलणं छान जुळलं. तुझं नाक त्यांनी बोटांनी दाबून, आतून बॅटरीनं बघितलं आणि खुर्चीत मागं टेकून म्हणाले, "मास्टरसाब, जो निकाल दिए, सो वापस नै आता."

मग त्यांनी काही न लपवता सांगितलं. पहिल्या वेळी उंचवटा तासून काढला होता, ते हाड आता कुठून आणणार? बरगडीच्या टोकाचं मऊ हाड काढून नाकात बसवावं लागेल. म्हणजे छातीवरही टाका. आतली कातडी पहिल्या जखमेनं निबर झालेली, ती ताणली जाईल की नाही हे उघडल्यावरच कळणार. बसवलेला तुकडा पुढं वाकू शकतो, झिजू शकतो, अंगानं धरला नाही तर पू होऊन काढावाही लागतो. सूज उतरायलाच वर्ष जाईल. आणि एवढं सगळं सुखरूप झालं, तरी पहिलं नाक परत मिळेल ही आशा धरू नका. ते तिसरंच नाक असेल. ज्याला आहे त्या नाकाचा खराच त्रास आहे, त्यानंच या वाटेला जावं.

तुला विचारलं, त्रास काय आहे? तू म्हणालीस, श्वासाचा. त्यांनी पुन्हा आत बघितलं. म्हणाले, वाट तर मोकळी दिसते. तू खाली बघत राहिलीस. मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो.

शेवटी त्यांनी विचारलं, पहिल्या नाकाचा बाजूनं काढलेला एखादा फोटो आहे का? पहिल्या वेळी काढलेले त्यांच्या कागदांत सापडत नव्हते. आपल्याकडं कुठला? शाळेचा एक ग्रुप फोटो, त्यात तुझं तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं. तेव्हा ते म्हणाले, वडील शिक्षक आहेत, त्यांनी लिहून द्यावं, मी त्यावरून अंदाज घेईन.

आणि मी लिहिलं! दवाखान्याच्या बाकावर बसून, मांडीवर वही घेऊन, एका बैठकीत. कपाळापासून कसं सुरू होतं, मध्ये तांदळाएवढा उंचवटा, त्याखाली सरळ उतार, शेंडा किंचित वर उचललेला. किती वर्षांनी मला शब्द असे सरळ सुचत होते. मनात म्हटलं, वा! निबंध असावा तर असा.

तू कागद घेतलास. दोनदा वाचलास.

"अण्णा, हे आईचं हाय," तू म्हणालीस. "माझा शेंडा खाली होता. आणि डावीकडं जरा कललेला."

तुझा शेंडा डावीकडं कललेला होता, हे मी त्या बाकावर पहिल्यांदा ऐकत होतो.

तू कागदाची घडी घातलीस. "असू द्या. आईचं तर आईचं. तुमी बघाल तरी."

विमल, तिथं उठून तो कागद फाडला असता तर? तुझा हात धरून स्टेशनवर आणलं असतं तर? गाडी दुपारची होती, मिळाली असती. पण माझ्या मनात, तुला काय सांगू, त्या क्षणीसुद्धा कुठंतरी बरं वाटलं होतं. आई परत येणार म्हणून. एवढं लिहायला मला अकरा महिने लागले.

पुढचं तुला माहीत आहे, आणि जे तुला माहीत नाही ते ऐक. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी ताप चढला. सातव्या दिवशी त्यांनी नाकातला तो तुकडा काढून टाकला. पू डोक्याकडं सरकला, डोळे सुजून मिटले. डॉक्टर रोज दोनदा यायचे, कुठं कसर केली नाही. मी त्यांना बोल लावत नाही. तू ग्लानीत वर्गाची हजेरी घेत होतीस, एकेका पोरीचं नाव. पोपट काढणाऱ्या पोरीचंही घेतलंस. नवव्या दिवशी सकाळी हजेरी अर्ध्यावर राहिली.

तिसरं नाक मी पाहिलंच नाही. ते शेवटपर्यंत पट्टीखाली होतं.

एक राग मात्र तुझ्यावरही आहे, लिहूनच टाकतो. मी बोललेलं तू कधी ऐकलं नाहीस. उन्हात छत्री घे म्हटलं तर घेतली नाहीस, बदली मागून घे म्हटलं तर हसलीस. आणि जे मी तोंडानं कधी बोललो नाही, तेवढं मात्र ऐकून बसलीस? का गं?

आता फोटोग्राफरला काय लिहू? डोळे मिटतो तर तांदळाएवढा उंचवटा दिसतो, शेंडा वर उचललेला. तुझं पहिलं नाक मला येत नाही, विमल. पुन्हा एकदा लिहायला घेतलं तर पुन्हा तुझी आईच उतरेल, आणि ती भिंतीवर तुझ्या नावानं हार घालून घेईल. तुझं म्हणून जे एक नाक होतं, तू तुझ्या मनानं, तुझ्या कमाईतून केलेलं, ज्याच्यासह तू भाकरी थापताना गात होतीस, ते त्या फोटोत आहे. आणि तो फोटो मी अजून धड पाहिलेला नाही. परवा देतानाही काउंटरवर पालथाच ठेवला होता.

उद्या पहिल्या एसटीनं परभणीला जाईन. त्याला सांगीन, बाबा, पेन्सिल लावू नकोस, तिनं केलंय तसंच राहू दे. तसबीर माझ्या खुर्चीसमोर लावीन, मान वर न करता दिसेल इतकी खाली. आणि रोज तिच्याकडं बघून बोलेन, हा माझा शब्द. सुरुवातीला जमणार नाही, नजर रांजणाकडं वळेल, तेव्हा तू रागावू नकोस. तुझा चेहरा मला अजून पाठ व्हायचा आहे.

तुझे,
अण्णा
ताडकळस