पाठवणीचं इंग्रजी गाणं

मु. पो. उत्रोली, ता. भोर
२० मे १९७६

प्रिय अंबू,

सप्रेम जयभीम. माझं अक्षर ओळखून पाकीट तसंच चुलीत घालशील या धास्तीनं पत्ता पोराकडून लिहून घेतलाय. पत्राला कारण काय ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर मधलं तू वाचणार नाहीस, आणि मधलं वाचल्याशिवाय शेवटचं तुला खरं वाटणार नाही. मला स्वतःलाच अजून वाटत नाहीये. चार दिवस झाले, भाकरी थापता थापता हात थांबतो आणि तवा जळायला लागतो. काल आई म्हणाली, तुला बाहेरचं काही लागलंय का. म्हटलं, आपण ते सगळं छपन्न सालीच सोडलं ना, मग आता कुठून लागेल.

तू गेलीस त्याला या वैशाखात नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत आबांनी तुझं नाव घेतलं नाही की कुणाला घेऊ दिलं नाही. पहिल्या वर्षी मिरजेहून तुझं पत्र आलं होतं. ते त्यांनी न फोडता आढ्याच्या वाशात खोचलं, धुरानं काळं झालंय तरी अजून तिथंच आहे. मीही लिहिलं नाही. खोटं कशाला बोलू, मला राग होता. तू गेनूच्या ट्रकात बसून मोकळी झालीस आणि बोलणी खाल्ली मी. माझ्या सासूला कुठलंही भांडण तुझ्यापर्यंत नेऊन पोचवायची कला आहे. आमटीत मीठ जास्त पडलं तरी म्हणायची, बहीण तसली, मग ही कशी असणार. पण ते राहू दे. तुझा पत्ता चिमाजीमामांनी दिला. मिरजेच्या बाजारात त्यांना गेनू भेटला होता म्हणे, दोन पोरं झालीत तुला. मी ऐकून घेतलं, पण तुझी थोरली पोर नाकानं तुझ्यावर गेलीय का एवढं विचारायचं राहिलं, म्हणून दोन दिवस चुटपुट लागली.

आता गाण्याचं. आबांचं ते इंग्रजी गाणं तू विसरली नसशील. चौसष्ट साली त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून कर्णा, मशीन आणि पोतंभर रेकॉर्डी आणल्या, त्यात ती एक लहानशी, चकचकीत रेकॉर्ड निघाली. बाकीच्या जाड्या, जुन्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या. दुकानदारानं सांगितलं, असल्या नव्या चकचकीत रेकॉर्डी तेहतीसवर लावायच्या. आबांनी मान डोलावली आणि वेगाचा खटका तेहतीसवर ठेवला. त्यातला माणूस जाडसर, दाटलेल्या गळ्यानं कायसं सांगत होता, अगदी सावकाश. आपल्याला काय कळणार. तू ऐकून म्हणाली होतीस, याला पडसं झालंय.

पण ते कामाला कसं आलं बघ. साळूबाईच्या कमळीचं लग्न आपल्या वस्तीत. त्रिशरण, पंचशील सगळं नीट झालं आणि पोर निघायच्या वेळेला बाया गायला म्हणून तोंड उघडून उभ्या राहिल्या, तर एकीलाही गाणं सुचेना. जुनी सगळी गाणी कुठल्या ना कुठल्या देवाच्या नावाची, ती आपण सोडलेली, आणि नवं गाणं कुणी केलेलं नव्हतं.  कमळी बिचारी उभीच, रडावं की चालायला लागावं तिला समजेना. आबांनी पोत्यात हात घालून ती इंग्रजी रेकॉर्ड काढली. नंतर म्हणाले, बाकी काय असंल ते असो, यात आपला जुना देव एकबी नसणार एवढं नक्की होतं. सकाळपासून वाजून बॅटरीही बसलेली, त्यामुळं तो माणूस आणखी दमानं, आणखी जड आवाजात गायला लागला, आणि साळूबाई पहिल्या ओळीलाच कमळीच्या गळ्यात पडली. एकाही बाईचा डोळा कोरडा राहिला नाही.

पुढं ते भोंगवलीला गेलं. तिथल्या सोपानरावांच्या मांडवात आबांचाच कर्णा होता, दुसरा होता कुणाकडं म्हणा. सोपानराव म्हणजे बैल मेला तरी डोळ्यांतून टिपूस न काढणारा माणूस, तो लेकीच्या पाठवणीला हे गाणं लागल्यावर बैलगाडीच्या जुवावर बसून हुंदके द्यायला लागला. झालं. त्या दिवसापासून भोरपासून वेल्ह्यापर्यंत कुणीही आबांना बोलवायला आलं की आधी विचारायचं, पाठवणीचं गाणं आणताय ना. ज्यांच्या घरी आबांना पाणी वरून ओतून मिळायचं, तेही विचारायचे. नसरापूरच्या बँडवाल्यांनी ते पिपाणीवर बसवलं. वस्तीतल्या अक्काबाईनं त्याचा अर्थसुद्धा लावून टाकला, तो माणूस म्हणतोय, मागं वळून बघू नको बाय, चूल तुझी वाट बघतीय. माझ्या लग्नात मी तोच अर्थ धरून गाडीत बसेपर्यंत रडले. तू माझा पदर सोडत नव्हतीस.

मी कधी कधी विचार करायचे, हे टिकलंय कसं. एका हंगामात सगळ्या तालुक्याच्या तोंडी असलेलं सिनेमाचं गाणं पुढच्या हंगामाला कुणी विचारत नाही. आणि हे, ज्याचा एक शब्द कुणाला समजत नाही, बारा वर्षं चाललंय. मला वाटतं धाकट्या बहिणींमुळं. थोरलीच्या पाठवणीला जिनं ते ऐकलं, ती आपल्या वेळेला तेच मागते. नवं लावलं तर तिला वाटतं, मला कमी प्रेमानं पाठवताहेत. तालुक्यातल्या सगळ्या पोरींना ते मिळालं, अंबू. आबांच्या सख्ख्या धाकट्या लेकीला तेवढं मिळालं नाही.

आता मला धक्का बसला तो ऐक. मी दोन वर्षं झाली पुण्यात कॅम्पात परेराबाईंकडं स्वयंपाकाला जाते. मागच्या महिन्यात त्यांच्या ग्लोरियाचा वाढदिवस होता. पंधरावीस पोरंपोरी, टेबल बाजूला सारून नाच चाललेला. मी कटलेटचं ताट घेऊन आत गेले आणि नवीन रेकॉर्ड लागली. धाडधाड ढोल, गाणारा कोवळ्या आवाजाचा, खिदळल्यासारखा, आणि पोरं अशी उड्या मारायला लागली की खालच्या भाडेकरूनं छत ठोकलं. मी दाराशी उभी. पहिल्यांदा वाटलं, ही चाल कुठंतरी ऐकलीय. मग ती मधली जागा आली बघ, जिथं तो दोनदा थांबतो आणि तिथंच आपल्याकडं नवरीची आई हंबरडा फोडते. ताट हातातून सुटलं. सगळी कटलेटं फरशीवर आणि मी त्यांच्यात बसून. पोरांना वाटलं मला चक्कर आली.

दुसऱ्या दिवशी ग्लोरियाला म्हटलं, ते गाणं लाव आणि खटका तेहतीसवर ने. ती हसली, असं कोण ऐकतं म्हणाली, पण लावलं. आणि अंबू, तो आला. आपला माणूस. तोच दाटलेला गळा, तीच रड. मी पदर तोंडात कोंबला. पंचेचाळीसवर लावायची रेकॉर्ड आपण बारा वर्षं तेहतीसवर लावली, आणि असल्या उडत्या गाण्यावर सगळा तालुका ढसाढसा रडला. ग्लोरिया सांगत होती की हे जुनंच गाणं आहे, तिच्या थोरल्या बहिणीच्या वेळचं. बहीण लग्न होऊन परदेशी गेली, नवी गाणी ढीगभर आली, पण हे लागल्याशिवाय वाढदिवस झालासा वाटत नाही. म्हणजे तिथंही धाकट्या बहिणीच. मग मी तिला अर्थ विचारला. विचारला नसता तर बरं झालं असतं, असं त्या दिवशी वाटलं. त्यात एक पोरगा पहाटे गाडी घेऊन पोरीच्या दाराशी आलाय. तो म्हणतो, चपला हातात घे आणि गुपचूप बाहेर ये, तुझा बाप झोपलाय.

 तालुक्यातले बाप आपापल्या लेकी वाजतगाजत पाठवताना ज्यावर रडत होते, ते पळून जायचं गाणं निघालं. आणि ज्या एका पोरीला ते लावलं नव्हतं, ते तिचंच. मी महिनाभर कुणापाशी बोलले नाही. आबांना सांगावं तर त्यांची बारा वर्षांची अब्रू त्या रेकॉर्डवर, आणि वर तुझा विषय. न सांगावं तर मला जेवण जाईना.

माहेरी आले. रविवारी दुपारी आबा ओसरीवर बसून धोतराच्या सोग्यानं तीच रेकॉर्ड पुसत होते, संध्याकाळी धोंडाबाईच्या नातीची पाठवणी होती. माझ्या तोंडून निघून गेलं, आबा, जरा पंचेचाळीसवर लावा. कशाला, म्हणाले, पण लावलं. गाणं जे उधळलं, अंगणातली पोरं धावत आली आणि नाचायला लागली. आई तर हसून हसून भिंतीला टेकली, म्हणाली, अगं बया, हा तर तरणाताठा निघाला. आबा हसले नाहीत. डोळे मोठे करून फिरणाऱ्या रेकॉर्डकडं बघत राहिले. मला तिथंच थांबायला हवं होतं, पण माझी जीभ तुला ठाऊक आहे. मी अर्थ सांगितला. पोरगा, गाडी, पहाट, हातातल्या चपला, सगळं. आणि शेवटी म्हटलं, तो म्हणतोय, तुझा बाप झोपलाय.

आबांनी सुई उचलली. पोरं नाचता नाचता थबकली.  मग ते माझ्याकडं न बघता म्हणाले,

"झोपला न्हाई त्यो."

मला वाटलं गाण्यातल्या बापाविषयी बोलताहेत. आई म्हणाली, कोण? तेव्हा त्यांनी सांगितलं. मी जसं ऐकलं तसं लिहिते, माझ्या पदरचं एक अक्षर नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी मशीनला तेल घालायला त्यांनी बाटली घेतली तर ती निम्मी झालेली. आणि दाराची कडी, जी जन्मभर कुरकुरायची, ती लावताना आवाजच आला नाही. बोटाला तेल लागलं. तिथंच ते समजले. गेनूचा ट्रक आठवडाभर गिरणीपाशी विनाकारण उभा राहतो हेही त्यांनी पाहिलं होतं. रात्रभर ते जागे होते. पहाटे तू उठलीस, चपला हातात घेतल्यास, आणि त्यांच्या अंथरुणाशी येऊन उभी राहिलीस. बराच वेळ उभी होतीस म्हणे. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि घोरायचं सोंग केलं. आई ओरडली, अहो मग उठला का नाही? तर म्हणाले, "उठलो असतो तर आडवावं लागलं असतं."

मी तेव्हापासून सुन्न आहे, अंबू. नऊ वर्षं तो माणूस तुझ्यावर रागावलाय असं धरून आम्ही घरात दबकून वावरलो. ते म्हणाले, बापाला ठाऊक होतं असं कळलं असतं तर दोन्हीकडच्या, आपल्या आणि गेनूच्याही, माणसांनी पोरीचा माग काढला असता. बाप खवळलाय, त्यानं नाव टाकलंय म्हटल्यावर सगळे गप्प बसले. आधी ते सोंग होतं, पुढं त्याची सवय झाली, आणि मोडायचं कसं ते समजेना. तुझं पत्र का फोडलं नाही, विचारलं मी. म्हणाले, आत ती दुःखात आहे असं निघालं असतं तर? मीच घोरत पडलो होतो ना. आईनं हातातलं पातेलं आपटलं आणि दोन दिवस त्यांना चहा दिला नाही. म्हणत होती, मी नऊ वर्षं उशाला पदर भिजवला आणि हा माणूस पलीकडच्या कुशीवर सगळं जाणून पडलेला. तिसऱ्या दिवशी चहा दिला, पण बिनसाखरेचा. तुझं पत्र तिनं स्वतः वाशातून काढलं आणि मी वाचून दाखवलं. तू सुखात आहेस असं लिहिलं होतंस. आबा उठून गोठ्यात गेले.

आता कारण सांगते. काल संध्याकाळी आबांनी मला हाक मारली आणि तुझं नाव घेतलं. अंबूला लिही म्हणाले, इतक्या वर्षांनी जीभ जरा अडखळली त्यांची. पाऊस लागायच्या आत ये. गेनूला आण, पोरांना आण, स्वारगेटला उतरून भोरची एसटी धर, फाट्यावर मी उभी राहीन. चार दिवस राहा. तुझी पाठवणी राहिलीय, ती करायचीय म्हणतात, अंगणात, कर्णा लावून, सगळ्या वस्तीसमोर. नवी बॅटरीही आणून ठेवलीय. फक्त सकाळपासून खटका तेहतीसवर नेतात, पुन्हा पंचेचाळीसवर आणतात, पुन्हा मागं नेतात, आणि त्यांचं काही ठरत नाही. शेवटी म्हणाले, तिलाच विचार, कशावर लावू.

तुझीच,
रतनअक्का