परसों बंद झालेली शाळा

बाई,

तुमची सातवीची खोली वाचली. कशी वाचली ते ऐकलंत तर खडू फेकून माराल, म्हणून निकाल आधी सांगून टाकते.

शाळेला कुलूप लागून बरीच वर्षं झाली. जागा भर शहरातली, जामबागेतली, त्यामुळे तिच्यावर प्रेम करणारे अचानक वाढले. आम्हा माजी विद्यार्थ्यांच्या समितीचं फंक्शन हॉलवर एकमत होतं. मतभेद होता तो फक्त बिर्याणीच्या देगा कुठे चढवायच्या यावर. मला ती खोली हवी होती. पण माझ्यासारख्या विनोदी लिहिणाऱ्या बाईने गंभीरपणे काही मागितलं की लोक हसायच्या तयारीने बसतात, म्हणून गप्प राहिले. आमचे अध्यक्ष वकीलसाहेब, जे तुमच्या तासाला मागच्या बाकावर झोपायचे, त्यांनी लोकांना विचारल्यासारखं दिसावं म्हणून विद्यापीठातून वास्तुकलेची मुलं बोलावली. मुलांनी मात्र खरंच विचारलं.

त्यांच्यातली एक मुलगी पुण्याहून नुकतीच आलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला कुकटपल्लीत राहणारी. व्हरांड्यात सगळे जमलो, तिने नकाशा पसरला. पुढे हॉल, बाजूला वाचनालय, आणि सातवीचा वर्ग जसाच्या तसा, बाकांसकट.

"बेटा, हे बाक कुणासाठी?" वकीलसाहेबांनी चष्मा वर केला.

"मुलांसाठी. शाळा परत सुरू झाली की लागतील ना."

"बंद कधी झाली म्हणे?"

"दोन दिवस आधी. वॉचमन अंकल बोलले, परसोंच बंद हुआ."

व्हरांडा हसून हसून लोळायचा बाकी राहिला. आपल्याकडे परसों म्हणजे कालच्या आधीचं काहीही. निजामही परसोंच गेला. पोरीला कोण सांगणार? आणि एवढी धूळ पाहून तिला शंका आली नाही, कारण तिला वाटलं, मराठी शाळा अशीच असते.

"अगं, ज्यांची तू वाट बघतेस ते आता अमेरिकेत स्वतःची पोरं सांभाळतायत," वकीलसाहेब म्हणाले.

मी हसले, आणि हसता हसता तुमच्यासमोर उभी राहिले, सातवीतली. मी सांगतेय, "परसों आम्ही बिदरला गेलो होतो." तुम्ही बोटांवरचा खडू पदराला पुसता. "दिवाळीत गेला होतात ना? आता शिमगा आला. परवा म्हणावं, आणि परवा एकच दिवस असतो. तुमचं परसों म्हणजे पोतं आहे, काहीही कोंबा त्यात." वर्ग खदखदतो. मग मधल्या सुट्टीत तुम्ही मला हाक मारून डब्यातली अर्धी पुरणपोळी देता, अपमानाची भरपाई म्हणून, आणि तसं कबूल मात्र करत नाही.

मुलगी नकाशा गुंडाळायला लागली. अर्ध्यावर थांबली. "म्हणजे इथे बसायला कुणीच नाही? मग मी बसले तर? मला जोडाक्षरं वाचता नाही येत."

आता कुणी हसलं नाही. ज्यांची नातवंडं आजोबांच्या मराठी पत्राला मोबाइलवर नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवतात, ते सगळे जमिनीकडे बघत होते.

"शिकवणार कोण?" वकीलसाहेबांनी विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. "बोलण्यात तर तू कुणाला ऐकत नाहीस."

"हौ," मी म्हटलं. तुमच्या खोलीसाठी मला तुमच्या शुद्ध 'हो'ऐवजी तोच शब्द सुचला. हॉल होतोय, देगा मागच्या अंगणात गेल्या, खोली राहिली.

शनिवारी पहिला वर्ग झाला. ती पहिल्या बाकावर, तिच्या मागे आणखी दोघं. तुमची छत्री टांगायचा खिळा अजून आहे. ती विचारते, "इथे आधी कोण शिकवायचं?"

"आमच्या बाई."

"आता कुठे असतात?"

"गेल्या."

"कधी?"

"परसों," मी म्हणाले.

तिला तो शब्द आता चांगला कळतो. तरी तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं घरातलं कुणी नुकतंच गेलंय अशा माणसाकडे पाहतात.

हे पत्र मी पाठवणार नाही, बाई. तुम्ही लाल शाई काढून तो शब्द दुरुस्त कराल, आणि मला तो तसाच राहू द्यायचा आहे.