समोरचे आठ दात

प्रिय ढापण्या,

सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. माझं सगळं ठीक आहे, फक्त समोरचा एक दात अर्धा उडालाय. दात म्हणजे त्यावरचा व्हिनियर, चिनीमातीचा नखाएवढा पापुद्रा. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसतो, हे तुला ठाऊक आहेच. आमच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी माझे आठ दात तासून त्यांवर हे फुकट चिकटवले. फुकट कसले! तेव्हापासून मी त्यांची जाहिरात आहे. भिंतीवर माझ्या तोंडाचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा, आणि त्यांच्याखाली मी स्वतः, अंगात ताप असला तरी दिवसभर दात काढून.

अडचण एवढीच, की मी झोपेत दात खातो. बायको म्हणते, शेजारी कुणी खडी दळतंय असं वाटतं. डॉक्टरांनी झोपताना घालायला प्लास्टिकची पट्टी दिली, तिलाही मी भोक पाडलं. आतापर्यंत चार व्हिनियर फुटले, हा पाचवा. दर वेळी डॉक्टर शटर ओढून नवा चिकटवतात आणि विचारतात, टेन्शन कसलं घेतोस रे? तोंडात त्यांची दहा बोटं, काय सांगणार! बरं, सोडून जावं, तर तासलेले दात परत येत नाहीत. पुढचा फुटला तर चिकटवणार कोण?

तू पुस्तकांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात ये, शिलाईच्या मशीनशेजारी एक स्टूल रिकामं आहे म्हणालास, तेव्हा डिंकात हात कोण घालणार म्हणून मी हसलो होतो. आता माझं तोंडच डिंकावर चाललंय.

परवा शाळेत शिकवणाऱ्या एक बाई व्हिनियर बसवायचे म्हणून आल्या. त्याही झोपेत दात खातात. डॉक्टर आत गेल्यावर काउंटरवर वाकून हळूच म्हणाल्या, भाऊ, खरं सांगा, तुमचे टिकले ना? मी मान डोलावली. ओठ मिटून, कारण सकाळीच तो तुकडा चहात पडला होता. त्यांनी लगेच सोमवारची वेळ घेतली.

आज शनिवार. मघाशी मी त्यांना फोन केला. पाचही फुटल्याचं सांगितलं, तासलेलं परत येत नाही हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, मी डॉक्टरांनाच विचारते. विचारतीलच, शिक्षिका आहेत. म्हणजे सोमवारी माझे फोटो भिंतीवरून उतरणार, आणि पाठोपाठ मी. तर ढापण्या, शिलाईच्या मशीनशेजारचं ते स्टूल अजून रिकामं आहे का? तिथे हसावं लागत नसेल, तर मी असाच येतो, अर्ध्या दातानिशी.

तुझाच, अजून तेवढाच तिरकस,
खवट्या