तेरा घोड्यांची चोरी

३ नोव्हेंबर, सोमवार
गाडी आली. सेकंडहँड, पण चकचकीत. मच्छीची पाटी दिसली की टॅक्सीवाले काच वर करायचे. आता भाऊच्या धक्क्यावर मी माझ्या गाडीतून जाणार. नवरा चालवेल, मी सांगेन.
गाडी शोधली हितेंद्रने. माझ्या मनवाने पसंत केलेला हा. रे रोडला गॅरेजात कामाला. सोळाला साखरपुडा धरलाय. मी अजून हो म्हटलेलं नाही. माणूस ओळखायला मला दोन मिनिटं पुरतात.

५ नोव्हेंबर, बुधवार, दुपारी
होणाऱ्या सासूवर छाप पाडायला हितेंद्रने गाडी गॅरेजातल्या मशीनवर चढवली. डायनो म्हणतात. गाडी जागेवर बांधलेली, चाकं रोलरवर गरगर, कॉम्प्युटरवर डोंगरासारखी रेघ. कंपनीच्या कागदावर अठ्ठ्याऐंशी घोड्यांची ताकद. मशीनवर पंच्याहत्तर.
तेरा घोडे कुठे गेले, विचारलं. म्हणे मावशी, कंपनी इंजिनाजवळ मोजते, मी चाकाजवळ मोजले. मधे गिअरबॉक्स, शाफ्ट, बेअरिंग, टायर. सगळे घासत फिरतात, थोडी थोडी ताकद खातात. एवढी जाणारच, गाडी चांगली आहे.
जाणारच म्हणे. मी चौथी शिकलेय, पण मला डोळे आहेत. आतलं काहीतरी काढून विकलंय मेल्याने. जो गाडीतून घोडे चोरतो तो पोरीला काय सांभाळणार. साखरपुडा कॅन्सल.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
मनवा बोलत नाही. बोंबील तळले, शिवली नाही. नवरा म्हणाला, पोराचं ऐकून तर घे. त्याला गप बस म्हटलं.
ठरवलं. दुसऱ्या मशीनवर मोजून त्याला उघडा पाडायचा. उद्याच.

११ नोव्हेंबर, मंगळवार
मधे वेळ नव्हता. धंदा कोण बघणार.
आज शिवडीच्या गॅरेजात नेली. त्र्याहत्तर. म्हणजे आठवड्यात आणखी दोन गेले. तिथला मालक म्हणे प्रत्येक मशीन थोडं वेगळं दाखवतं, शिवाय टायरमध्ये हवा कमी आहे. हे सगळे एकमेकांना सामील.

१२ नोव्हेंबर, बुधवार
हितेंद्रने हवा भरून पुन्हा मोजली. शहात्तर. मी दुसरीकडे गेल्याचं कळलं असणार. घाबरून एक परत ठेवला.
आणखी बारा काढून घेतल्याशिवाय सोडणार नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
डोक्याला ताप. टॉवरमधली श्रेया मॅडम बाजारात पिशवी घेऊन हजर. सुरमई दोन किलो मोजून साफ करून दिली होती, घरच्या काट्यावर दीड भरली. मी अर्धा किलो मारला म्हणते, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर.
ऐकवलं तिला. पाण्यातून निघते ती दोन किलो. डोकं, पर, पोटातलं, हे मधे जाणारच. त्याच्याशिवाय सुरमई पोहत होती का तुझ्या स्विमिंग टँकमध्ये? ताटात येतं ते दीड. इतकी शिकलीस आणि एवढं कळत नाही, चोर म्हणतेस?
गेली तोंड पाडून. सगळ्या कोळणी हसल्या. मनवा माझ्या बाजूलाच बसून पापलेटं लावत होती. आठ दिवसांनी पहिल्यांदा तीही हसली. जरा जास्तच वेळ.

१५ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी
चहाच्या कपाखाली कागद. मनवाचं अक्षर. वर सुरमई: दोन किलो, ताटात दीड. खाली गाडी: अठ्ठ्याऐंशी, चाकाला पंच्याहत्तर. पुढे लिहिलंय, गाडी शंभरातले पंधरा खाते. आय, तू पंचवीस.
मच्छीची गोष्ट वेगळी असते.
कागद दोनदा वाचला. नवऱ्याने मागितला, दिला नाही.
वेगळी कशी, ते दुपारी विचार करून लिहीन.

१६ नोव्हेंबर, रविवार
साखरपुडा झाला. मी नाही कधी म्हटलंच नव्हतं.
हितेंद्र पाया पडला. हळूच विचारतो, मावशी, घोडे सापडले का. म्हटलं, गप जेव.
सुरमईचं डोकं त्याच्या ताटात वाढलं.